मे महिन्यात विकायची गाडी

जानेवारीत दादांचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, "सुमो काढून टाकायचीय. पण आत्ता नको. मे मधी काढू." मी बरं म्हणालो. तेव्हा माझ्या समोर दुसऱ्या स्क्रीनवर मीटिंग चालू होती, त्यामुळे मे महिनाच का, हा प्रश्न डोक्यात आलाच नाही. तो दोन दिवसांनी आला, हिंजवडीच्या सिग्नलला, आणि त्याच्या मागोमाग उत्तरही आलं. मला एकट्यालाच हसू आलं. मग ते गेलं.

आमचं घर पारनेरपासून कान्हूर पठाराच्या बाजूला, एका उतारावर आहे. थंडीत पहाटे तिथे पाण्याच्या टाकीचा नळ हाताला चावतो. गाडी २००२ सालची टाटा सुमो, दादांनी २००९ मध्ये सेकंडहँड घेतलेली. आजीला नगरच्या दवाखान्यात नेणं, चुलत बहिणींची लग्नं, कांद्याच्या गोण्या, माझी इंजिनिअरिंगच्या होस्टेलची गादी, असं सगळं त्या गाडीनं वाहिलं. आणि ती गाडी नेहमी एकाच जागी, नाक खाली करून, उतारावर लावलेली असते. लहानपणी मला वाटायचं, दादांची ती शिस्त आहे.

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसतेच. हवा इतकी दाबायची की दाबानंच ती भयंकर तापावी, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल फवारायचं. ते आपसूक पेटतं. रुडॉल्फ डिझेलनं १८९७ साली हे चालवून दाखवलं आणि मूळ कल्पना आजही तीच आहे. पण आमच्या सुमोचं १९४८ सीसीचं इंजिन इनडायरेक्ट इंजेक्शनचं. त्यात डिझेल थेट सिलिंडरमध्ये जात नाही, शेजारच्या एका छोट्या खोलीत फवारलं जातं. थंडीच्या पहाटे त्या खोलीच्या गार लोखंडी भिंती हवेची उष्णता पिऊन टाकतात. डिझेल फवारलं जातं, पेटत नाही, आणि मागून पांढरा धूर येतो. म्हणून त्या खोलीत पेन्सिलीएवढ्या जाडीचा एक प्लग बसवलेला असतो. चावी फिरवून किंवा बटण दाबून त्याला करंट दिला की काही सेकंदांत त्याचं टोक आठशे-नऊशे अंशांपर्यंत तापतं. चार सिलिंडर, चार प्लग. पुस्तकात याला ग्लो प्लग म्हणतात. आमच्याकडे 'हीटर'. "हीटर मार, मग सेल मार," हे वाक्य मी शाळेत जायच्या आधीपासून ऐकत आलोय.

आमच्या गाडीचे हीटर कधीतरी मेले होते. नेमके किती, कुणालाच माहीत नव्हतं. दादांना एवढंच माहीत होतं की डिसेंबर-जानेवारीत सकाळी सातच्या आत गाडी सेलवर उठत नाही. ब्रेक सोडायचा, उतारावरून घरंगळू द्यायचं, दुसऱ्या गिअरला क्लच सोडायचा. मेमध्ये मात्र ती पहिल्या सेलला उठते. मेमध्ये त्या गाडीत काहीही बिघाड नाही. म्हणजे बिघाड आहे, पण मेमध्ये तो अस्तित्वात नाही. या वाक्यावर मी बरेच दिवस अडकलो.

होळीला घरी गेलो तेव्हा विषय काढला. दादा चहा पीत होते. "गिऱ्हाईक आलंय का?" "एक पोरगं हाय. दुधाची लाईन धरतोय. मागची शिटं काढून कॅन ठेवणार म्हणतो." दुधाची लाईन म्हणजे पहाटे साडेचार-पाचला वस्त्या-वस्त्यांवरून कॅन गोळा करून संकलन केंद्रावर पोचवायचे. म्हणजे अख्ख्या तालुक्यात ज्याला या गाडीची ही एकच खोड नडणार, नेमका तोच माणूस ती घेणार होता. "त्याला सांगितलंय का हीटरचं?" दादांनी कप खाली ठेवला. "आरं, जुनी गाडी घेणाराला ठावं असतं जुनी हाय म्हणून. मी घेतली तवा मला कुणी सांगितलं व्हतं?"

त्यांनी ती २००९ च्या जूनमध्ये घेतली होती. पहिल्या थंडीत कळलं.

दादा लबाड माणूस नाहीत, हे इथे लिहिणं मला गरजेचं वाटतं. उसना आणलेला पाना त्याच दिवशी परत करणारा माणूस आहे. पण काष्टीच्या, बेल्ह्याच्या बैलबाजारात त्यांचं तरुणपण गेलंय. तिथे रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरताना पाहिलेत त्यांनी. त्या बाजाराचा एक अलिखित नियम ते सांगतात: बैल मारका आहे का असं विचारलं तर खोटं बोलायचं नाही, विचारलं नाही तर आपण होऊन सांगायचं नाही. बघणाऱ्याला डोळे आहेत, दात मोजायला हात आहेत.

गंमत म्हणजे आपला कायदाही साधारण हेच म्हणतो, आणि तोही जनावराचंच उदाहरण घेऊन. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १७. नुसतं गप्प राहणं म्हणजे फसवणूक नव्हे, असं त्यात आहे, आणि खाली उदाहरणं आहेत. अ नावाचा माणूस लिलावात ब ला घोडा विकतो; घोडा सदोष आहे हे अ ला माहीत आहे, तो काहीच बोलत नाही. ही फसवणूक नाही. पुढचं उदाहरण: ब ही अ ची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. इथे मात्र सांगणं हे अ चं कर्तव्य. तिसरं: ब म्हणतो, 'तू नाही म्हणाला नाहीस, तर घोडा चांगला आहे असं मी धरून चालेन.' अ गप्प. इथे त्याचं गप्प राहणं हे बोलण्यासारखंच. मी हे रात्री गच्चीवर मोबाईलवर वाचलं आणि दीडशे वर्षांपूर्वी मसुदा लिहिणारा तो कुणी साहेब मला एकदम बैलबाजारातला वाटला. पण त्याच कलमात, ठाऊक असलेली गोष्ट क्रिया करून लपवणं याला फसवणूकच म्हटलंय. गंज दिसू नये म्हणून रंग मारला तर ते लपवणं. मग महिना निवडला तर? दादांनी गाडीला बोटसुद्धा लावलं नव्हतं. त्यांनी फक्त कॅलेंडर वापरलं होतं.

यावर दादांचं उत्तर तयार होतं, आणि ते पाडणं सोपं नाही. "कांदा आपण चाळीत कशाला ठिवतो? भाव यायची वाट बघतो का न्हाय? मग गाडीची वाट बघितली तर काय बिघडलं?" पारनेर तालुक्यात या युक्तिवादाला उत्तर द्यायचं म्हणजे जपूनच. मला जे सुचलं ते असं: कांद्याचा भाव आज काय आहे हे व्यापाऱ्यालाही माहीत असतं, आपल्यालाही. आपण थांबतो ते भावासाठी. गाडीच्या बाबतीत आपण थांबलो ते समोरच्याला कळू नये म्हणून. कांदा चाळीत सडायला लागला आणि आपण गोणीत वर चांगला, खाली सडका भरला, तर गाडीशी तुलना जमेल. दादा म्हणाले, "तसं मी कधी केलं नाय." खरंच नाही केलं.

ही भांडणं फार जुनी आहेत. सिसेरोनं आपल्या 'कर्तव्यांविषयी' या पुस्तकाच्या तिसऱ्या भागात एक गोष्ट घातलीय. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन पोचतो. मागून आणखी जहाजं येतायत हे त्यानं वाटेत पाहिलंय. सांगितलं तर भाव पडणार. सांगायचं का? सिसेरो दोन स्टोइक गुरुशिष्यांना समोरासमोर उभं करतो. गुरू डायोजिनिस (तो पिंपातला नव्हे, बॅबिलोनचा) म्हणतो, न सांगणं आणि लपवणं यात फरक आहे. सगळंच सांगायचं ठरलं तर विकायचं तरी कशाला, वाटूनच टाका की. शिष्य अँटिपेटर म्हणतो, सांगितलंच पाहिजे, माणसाचं माणसाशी नातं आहे. सिसेरो शेवटी शिष्याच्या बाजूनं जातो: तुला माहीत आहे, समोरच्याला ते कळण्यात त्याचं हित आहे, आणि तुझ्या फायद्यासाठी त्याला ते कळू नये असं तुला वाटतंय, तर ते लपवणंच. मला यातली 'तुझ्या फायद्यासाठी' ही अट महत्त्वाची वाटते. पण माझं मत विचाराल तर दोघांपैकी कुणीही जुनी गाडी विकली नव्हती. धान्य हे धान्य असतं. जुनी गाडी नुसती गाडी नसते.

म्हणजे असं. आमची सुमो चालू व्हायची ती इंजिन, बॅटरी, डिझेल आणि उतार यांच्या जोरावर. त्यात दादांचा पाय. कुठल्या झाडापाशी क्लच सोडायचा हे त्या पायाला ठाऊक. कागदावर जी गाडी नावावर होणार, त्यात उतार नव्हता. पाय नव्हता. खरेदीदाराला दादा 'चालू' गाडी दाखवत होते ते खोटं नव्हतं, पण जे चालू होतं त्यातला निम्मा भाग आमच्या अंगणातच राहणार होता. सांभाळून सांभाळून आपण वस्तूचा दोष आपल्या सवयींत मुरवून घेतो. मग तो दोष आपल्याला दोष वाटतच नाही. दादांना प्रामाणिकपणे वाटत होतं की गाडी ठीक आहे. म्हणून त्यांच्यावर रागावता येईना.

मग मी इंजिनिअरांची युक्ती केली: बोलायचं टाळून दुरुस्ती करायची. गाडी नीट केली तर सांगायला काही उरणारच नाही.

शनिवारी मल्टिमीटर घेऊन बॉनेटखाली वाकलो. मूळचा टायमर-रिले कधीच गेला होता. त्याच्या जागी वायरमनकाकांनी कधीतरी डॅशबोर्डखाली एक साधं पुशबटण बसवलेलं, आणि बटणातूनच सगळा करंट नेलेला. वायर बारीक, तिचं प्लास्टिक दोन ठिकाणी वितळून तपकिरी झालेलं. बटण दाबलं तेव्हा बॅटरीवर १२.२ व्होल्ट होते आणि प्लगच्या टोकावर ९.२. तीन व्होल्ट वाटेतच गायब. प्लगची ताकद व्होल्टेजच्या वर्गावर चालते. रोध तोच धरला तर ९.२ व्होल्टवर प्लगला जेमतेम ५७ टक्के उष्णता मिळते. मग चारही प्लगना जोडणारी पट्टी सोडवली आणि एकेक तपासला. बॅटरीच्या प्लसला टेस्ट लॅम्पची एक वायर, दुसरी प्लगच्या टोकाला. पहिला, लागला. दुसरा, नाही. तिसरा, लागला. चौथा, नाही.

हे प्लग समांतर जोडणीत असतात: प्रत्येकाला स्वतंत्र करंट, एक मेला तरी बाकीचे तापतात. पूर्वी असं नव्हतं. १९८० च्या आसपासपर्यंतच्या मर्सिडीजच्या डिझेल गाड्यांत, उदाहरणार्थ २४० डीमध्ये, प्लग एकसर जोडणीत असायचे, दिवाळीच्या जुन्या माळेसारखे. एक गेला की सगळेच थंड. थंडीतल्या त्या सकाळी गाडी जागची हलायची नाही आणि मालकाला तोंड लपवायला जागा उरायची नाही. लोकांनी पुढे त्या गाड्यांची जोडणी हौसेनं समांतर करून घेतली, आणि ती सुधारणाच होती. पण किंमत एकच: बिघाड बोलायचा बंद झाला. आमचा दुसरा प्लग मेला तेव्हा तिघांनी ओढलं. चौथा मेला तेव्हा दोघांनी. गाडीनं कधी तक्रार केली नाही, फक्त उताराची गरज थोडी थोडी वाढत गेली.

आणखी एक गोष्ट मला तिथेच उमगली. तापलेला एक प्लग साधारण दहा-बारा अँपिअर ओढतो. चारही चांगले असते तर त्या बटणातून पन्नासच्या आसपास अँपिअर गेले असते आणि बटण एका हिवाळ्यात जळालं असतं. दोन मेलेले प्लग बटणाला जगवत होते. नुसते नवीन प्लग बसवले असते तर वायरिंग पेटलं असतं. एक बिघाड दुसऱ्या बिघाडाला टेकू देऊन उभा, आणि वरून पाहणाऱ्याला वाटतं, सगळं कसं निवांत चाललंय.

मला हे चित्र ओळखीचं होतं. माझ्या नोकरीत मी लिहिलेली एक सर्व्हिस आहे. तिच्यातून दुसरीकडे जाणाऱ्या दर काही हाकांपैकी एक फुकट जाते. का, ते मला दीड वर्षात सापडलेलं नाही. मी तिथे पुन्हा हाक मारायची सोय केली: पहिली चुकली तर दुसरी, दुसरी चुकली तर तिसरी. डॅशबोर्ड हिरवागार. आता ते सगळं क्लायंटच्या टीमकडे सोपवायचं ठरलंय आणि त्यासाठी मुद्दाम कमी गर्दीचा महिना निवडलाय. सगळ्यांच्या सोयीसाठी. ही तारीख ज्या मीटिंगमध्ये ठरली त्यात मी होतो आणि मी मान डोलावली होती. ग्रीस लागलेल्या हातानं बॉनेटखाली उभं राहून मला ते आठवलं, आणि बापाला नीतिशास्त्र शिकवायला निघालेल्या माझं मलाच कसंतरी झालं.

असो. रविवारी नगरहून सामान आणलं: चार प्लग, सत्तर अँपिअरचा रिले, दहा चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, पट्टीचा फ्यूज. सगळं मिळून तीन हजारांच्या आत. वायरमनकाका सोबत आले. बॅटरीपासून फ्यूज, फ्यूजपासून रिले, रिलेपासून थेट प्लगची पट्टी. जुनं बटण आता फक्त रिलेला इशारा द्यायचं काम करणार. जड करंट त्याच्यातून जाणार नाही. काका म्हणाले, "ह्ये मी तवाच केलं असतं. तुमचं दादाच म्हणलं, चालतंय तेवढं बघ." दादा लिंबाखाली बसून ऐकत होते, काही बोलले नाहीत.

इंजिन गरम करून प्लग काढले. पहिले तीन निघाले. चौथा हलेना. वर्षानुवर्षं मेलेला, काजळीत थिजलेला. तेल सोडलं, तासभर थांबलो, पुन्हा गरम केलं. काकांनी पाना लावला आणि हळूच सोडून दिला. "तुटंल," म्हणाले. प्लग हेडमध्ये तुटला की हेड उतरवावं लागतं, आणि त्या खर्चाला गाडी जागची नाही. दादा लांबूनच म्हणाले, "सेनापती बापटांच्या गावचं इंजिनिअर तुम्ही. त्यांनी परदेशात जाऊन बॉम्ब शिकला, तुम्हाला एक हीटर निघंना." आम्ही हसलो. चौथा प्लग तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला, गाडी सपाटीवर लावून, दहा सेकंद बटण दाबलं. प्लगवर ११.६ व्होल्ट. थोडी कुरकुरली, थोडा धूर सोडला, पण उठली. होळीनंतरची पहाट, फार थंडी नव्हती. डिसेंबरमध्ये काय होईल हे यावरून सांगता येत नव्हतं. आणि माझी युक्ती फसली होती. सांगायला काही उरू नये म्हणून सगळं केलं, आणि सांगायला एक प्लग उरलाच.

आता मात्र प्रश्न अधिक अवघड झाला, कारण आता गप्प राहायला चांगलं कारण होतं. एवढं काम करून घेतलंय, वायरिंग नवीन आहे, चारातले तीन प्लग नवे. एक सांगितला नाही तर काय मोठंसं? दोन मेलेले असताना सांगणं सोपं होतं, कारण तिथे अपराध स्पष्ट दिसत होता. बहुतेक माणसं बहुतेक वेळा अशाच जागी उभी असतात असं मला वाटतं, तीन चांगले आणि एक थिजलेला घेऊन.

मेमध्ये तो आला. माझ्याहून लहान, चोवीस-पंचवीसचा. मुद्दाम भर उन्हात, दुपारी दोनला आला होता, सोबत मामा. बॉनेट उघडलं, टायर बघितले, चासीवर वाजवून पाहिलं. सेल मारली, पहिल्या झटक्यात उठली. मामा खूश. दादा माझ्याकडे बघत नव्हते. पोरानं हीटरचं काहीही विचारलं नाही. कायद्याप्रमाणे मी मोकळा होतो.

"एक सांगायचंय," मी म्हणालो. "चारपैकी एक हीटर मेलेलाय. निघत नाही. जोर लावू नका, तुटला तर हेड उतरवावं लागंल. बाकीचे तीन नवे हायेत, वायरिंग नवीन हाय. पण थंडीत तुम्ही पहाटे काढणार, तर शक्यतो उतारावर लावा. आम्ही इतकी वर्षं तसंच चालवलंय." शेवटचं वाक्य मी दादांकडे न बघता बोललो.

पोरगा "बरं" म्हणाला आणि स्टेपनी बघायला गेला. मामानं मात्र ते बरोबर धरलं आणि भाव करताना सहा हजार खाली ओढले. एका प्लगचे सहा हजार. अन्याय होता, पण आमच्याच हातानं दिलेल्या काठीनं झालेला. दादांनी रुमाल वगैरे न घालता हो म्हणून टाकलं. संध्याकाळी जेवताना एवढंच म्हणाले, "सहा हजार मपलं गेलं, नाव तुपलं झालं." आई हसली. मी हसलो नाही, कारण ते खरं होतं. प्रामाणिकपणा माझा आणि खर्च त्यांचा. मी पुण्यातून सहा हजार पाठवले, ते त्यांनी परत पाठवले. पुढे दोन आठवडे फोनवर फक्त आईच बोलली.

सोपवणीच्या कागदात मी 'ज्ञात त्रुटी' असं एक पान जोडलं. त्यात ती हाक, दीड वर्ष, मला कारण सापडलेलं नाही, हे सगळं लिहिलं. मॅनेजरनं विचारलं, हे आत्ताच घालणं गरजेचं आहे का? तारीख तीन आठवड्यांनी पुढे गेली. कुणी शाबासकी दिली नाही, कुणी काढूनही टाकलं नाही. वार्षिक आढाव्यात एक ओळ आली, ती इथे सांगण्यासारखी नाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटे पावणेपाचला फोन वाजला. अनोळखी नंबर. मागे कॅनचे आवाज, कुत्रं भुंकतंय.

"भाऊ, झोपले व्हते का? ती सुमो घेतली ना आपण. बटण किती येळ दाबायचं?"

"दहा सेकंद," मी म्हणालो. "लई गार असंल तर पंधरा. लगेच सेल मारायची."

"थांबा, फोन चालू ठिवा."

मी थांबलो. एक, दोन, तीन असं तो मोठ्यानं मोजत होता.